पथ्य मोडलं नव्हतं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विचारणारे पुष्कळ होते. आमच्या समाजाचं एक छोटं मासिक निघतं, त्याचे संपादक दर दिवाळीला म्हणायचे, "अप्पा, तुमच्या घराण्याच्या काविळीच्या माळेवर लिहा की. लोकांना कळू द्या." मी दरवेळी दुसरंच काहीतरी लिहून द्यायचो. जुना बाजार कसा भरायचा, गुळाच्या ढेपी कशा यायच्या, असलं. लोक वाचून खूश व्हायचे. मीही व्हायचो. आता वय झालं आहे आणि स्वतःचा राग येऊन येऊन झोप लागेनाशी झाली आहे. म्हणून माळेवरच लिहितो.

पाटोद्याच्या बाजारात आमचं किराणा दुकान. आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरात काविळीची माळ दिली जायची. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी, दुकानाच्या फळ्या काढण्याआधी, ओट्यावर माणसं येऊन बसायची. घरातल्या कर्त्या पुरुषानं आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, एका रानवेलीच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे पांढऱ्या दोऱ्यात गाठी मारून ओवायचे आणि ती माळ आजाऱ्याला घालायची. वेल कोणती हे बाहेर सांगायला बंदी होती. माळ पहिल्या दिवशी आखूड असते. मग रोज वाढत जाते, गळ्यातून छातीवर येते, छातीवरून पोटावर. बेंबीखाली उतरली की कावीळ उतरली असं समजायचं आणि माळ वाहत्या पाण्यात सोडायची. माळ वाढते ती कावीळ ओढून घेते म्हणून, असा सगळ्या पंचक्रोशीचा विश्वास.

मी शाळेत असताना एकदा गंमत म्हणून एक माळ दुकानातल्या खिळ्याला अडकवली होती. तीसुद्धा वाढली. हातभर लोंबायला लागली. मी धावत जाऊन वडिलांना दाखवली, "खिळ्याला पण कावीळ झाली का?" त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली आणि माळ चुलीत टाकली. ओल्या काड्या वाळतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा सुटत जातो, एवढाच तो चमत्कार. म्हणजे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी वडिलांच्या मागं तीच माळ मी निम्मं आयुष्य लोकांच्या गळ्यात घातली.

आम्ही पैसे घेत नव्हतो. घेतले की गुण जातो म्हणायचे. याचा आम्हाला केवढा अभिमान! पैशांऐवजी आम्ही काय घेत होतो ते आता मला दिसतं. मोठ्या जमीनदाराची जीप आमच्या दारात थांबली, एखाद्या पुढाऱ्यानं लोकांसमोर वाकून नमस्कार केला, की बाजारात आमचा भाव वाढायचा. अप्पा म्हणजे देवमाणूस. देवमाणूस व्हायला कोणाला आवडत नाही?

बहुतेकांची कावीळ आपोआपच जायची. तिचा स्वभावच तसा असतो. तान्ह्या बाळांची तर आठ-पंधरा दिवसांत उतरते, माळ घाला नाहीतर घालू नका. ते सगळं श्रेय आमच्या दोऱ्याला. ज्यांची जायची नाही त्यांच्यासाठीही आमच्याकडे सोय होती. ती सोय म्हणजे पथ्य. हळद नाही, तेल नाही, तूप नाही, डाळ नाही. कोरी भाकरी, फुटाणे, मिळाला तर उसाचा रस. लेकरू अंगावर पीत असेल तर पथ्य आईनं करायचं, कारण दुधातून जातं. नुकतीच बाळंत झालेली बाई, तिला आम्ही कोरड्या भाकरीवर ठेवायचो. गुण आला तर माळेचा, नाही आला तर पथ्य मोडलं. मोडणारी नेहमी बाईच.

आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं. बाळ तिसऱ्या दिवशी पिवळं दिसायला लागलं. त्या दिवशी गुरुवार होता, ओट्यावर माणसं बसली होती. मी माळ ओवता ओवता उठलो, घरात गेलो आणि जावयांना म्हणालो, "गाडी काढा. अंबाजोगाईला चला." दुसऱ्यांच्या नातवंडांना माळ आणि माझ्या नातवाला मोठा दवाखाना. तिथं बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं, बाळ ठणठणीत होऊन घरी आलं. घरी आल्यावर आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, त्याच्या गळ्यात माळ घातली. "लोकं काय म्हनतील? अप्पाच्या घरातच माळ न्हाई?" बारशाला आलेल्या बायकांनी ती माळ पाहिली. पुढच्या आठवड्यात ओट्यावर जास्तच गर्दी होती.

त्या गर्दीत ती आली. शिरूर कासारकडच्या एका वाडीतली. विशीतली पोरगी, कडेला महिन्याभराचं लेकरू, बरोबर सासू. नवरा ऊसतोडीला गेलेला. लेकरू लहान म्हणून यंदा ती मागं राहिली होती. गावाजवळच्या एका खाजगी डॉक्टरला दाखवून आली होती. त्यानं टेबलापलीकडून बघितलं आणि सांगितलं, कोवळ्या उन्हात धरत जा. शी कशी होते, लघवी कशी होते, काही विचारलं नाही.

तिनं मला पहिलाच प्रश्न केला, "अप्पा, तुमच्या नातवाची कावीळ ह्याच माळंनं गेली म्हनं?"

ओटा भरलेला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "होय."

तिनं लेकराची मान पुढं केली. मुलगी होती. मी माळ घातली.

पुढच्या आठवड्यात ती परत आली. हातात एक फडकं घडी करून आणलेलं. सगळ्यांसमोर उघडायची तिला लाज वाटत होती, म्हणून ती ओट्याच्या कडेला गेली. "अप्पा, जरा बघा की. शी अशी पांढरी कावून हुतीय? चुन्यावानी. अन् लघवी अशी पिवळी धमक, की लंगोट किती घासला तरी डाग जात न्हाई."

मी पाहिलं. आमच्या घरात याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार होतं. आजोबा तेच सांगायचे, वडील तेच सांगायचे. मी मोठ्या आवाजात सांगितलं, "चांगली खूण आहे. अंगातलं पिवळं लघवीवाटे बाहेर पडतंय, म्हणून शी पांढरी झाली. माळ काम करतीय."

ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. काय पण ज्ञान! खरं नेमकं उलटं होतं. काळजातून, म्हणजे लिव्हरमधून, पित्त आतड्यात उतरतं म्हणून शीला रंग असतो. काही लेकरांच्या पित्ताची वाट जन्मापासून किंवा जन्मल्यावर लगेच बंद होते. पित्त आतच कोंडतं, लिव्हर खराब करत जातं, शी पांढरी पडते. यावर ऑपरेशन आहे, पण ते लवकर करावं लागतं. दोन महिन्यांच्या आत झालं तर उत्तम, उशीर होत जाईल तसा उपयोग कमी. त्या बाईच्या हातातलं ते फडकं म्हणजे त्या लेकरानं मारलेली हाक होती आणि मी तिला चांगली खूण म्हणालो.

तिचं समाधान झालं नव्हतं. "एकडाव अंबाजोगाईला दावून येऊ का?"

सासूनं तिथंच झापलं, "अप्पापरीस शानी झालीस का? दोन यत्ता शिकली की लई कळाया लागलं बया!"

लोक हसले. मीही हसलो. आणि वर म्हणालो, "माळ काढून दवाखान्यात जायचं असेल तर खुशाल जा. मग मला विचारायला येऊ नका. बेंबीखाली उतरू द्या, मग बोला."

जाताना तिनं एवढंच विचारलं, "अप्पा, दूध कमी येतंय. भाकरीवर थेंबभर तेल घेतलं तर चालंल का?" मी म्हणालो, नाही. तिनं मान हलवली. तिचे ओठ फुटलेले होते. तेलाच्या एका थेंबासाठी परवानगी मागणारी बाई चोरून काही खाईल का, हे तुम्हीच ठरवा.

माळ बेंबीखाली उतरली. ती उतरणारच होती. लेकराचे डोळे मात्र तसेच. मग एका बाजाराच्या दिवशी सासू एकटीच आली आणि भर बाजारात दुकानासमोर ओरडायला लागली, "अप्पा, माळ उतरली अन् पोरीचं डोळं हळदीवानीच! लेकराचं पोट फुगलं! आता काय करायचं?"

गिऱ्हाईकं थांबली. शेजारचा कापडवाला बाहेर आला. त्या क्षणी मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. लेकराची काळजी वाटली नाही. माळेची वाटली. मी म्हणालो, "पथ्य मोडलं असेल."

बस्स, एवढंच वाक्य. सासूला तेवढं पुरलं. "तरीच! शेजारी बारसं हुतं, तिथं गेलती. बुंदी खाल्ली असंल रांडंनं!"

"मग माझी माळ काय करणार?" मी म्हणालो. लोक आपापल्या कामाला लागले. बाजार पुन्हा सुरू झाला.

त्या वाक्याचं पुढं काय झालं ते मला फार उशिरा कळलं, आणि ते तिच्याच तोंडून. काही वर्षांनी आमच्या मंडळींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अंबाजोगाईला गेलो होतो. दवाखान्याच्या बोळात बाकड्यावर ती बसलेली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. "अप्पा, हिकडं कसं काय?" तिच्या मांडीला खेटून एक मुलगी. हातपाय काटक्या, पोट मोठं, डोळे पिवळे. सारखी अंग खाजवत होती. खाजवून रक्त निघतं म्हणून तिच्या हातात पायमोजे घातले होते.

"हे कोन?" मुलीनं विचारलं.

"आजोबा हायत. नमस्कार कर."

तिनं पायमोजे घातलेले हात जोडले आणि मला म्हणाली, "माजं डोळं मांजरावानी हायत. तुमचं न्हाईत."

"न्हाईत ना," मी म्हणालो.

"मंग तुमाला अंधारात दिसत न्हाई. मला दिसतंय."

"लई बोलती," आई हसून म्हणाली. "डॉक्टरीणबाईला सुदिक सोडत न्हाई. सुई टोचली की म्हनती, आता तुमाला टोचते."

मग तिनं सगळं सांगितलं, तक्रार केल्यासारखं नाही, ख्यालीखुशाली सांगावी तसं. बाजारातून सासू घरी आली त्याच दिवशी हिनं भावाला बोलावलं आणि लेकरू घेऊन इथं आली. इथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईनं पहिला प्रश्न केला, शी कोणत्या रंगाची होते? हिनं सांगितलं, चुन्यासारखी. कधीपासून? हिनं सांगितलं. डॉक्टरीणबाईनं कपाळावर हात मारला आणि त्याच दिवशी मुंबईला पाठवलं. तिथं ऑपरेशन झालं, पण वेळ निघून गेली होती. शीला थोडा रंग आला, कावीळ पुरती गेली नाही. तेव्हापासून ताप आला की अंबाजोगाई, पोटात पाणी झालं की अंबाजोगाई, आणि अधूनमधून मुंबई. आता आईच्या लिव्हरचा तुकडा काढून मुलीला बसवायचं चाललं होतं. त्याच्या तपासण्या सुरू होत्या. "माजा जुळतोय म्हनले," ती म्हणाली. नोकरी लागल्यासारखा आनंद होता तिच्या तोंडावर.

आणि नवरा? ऊसतोडीवरून आला तेव्हा गावानं त्याला सांगितलं, बायकोनं बुंदी खाऊन लेकराचं वाटोळं केलं. त्यानं तिला माहेरी सोडली आणि दुसरी केली. माहेरच्या गावातही तेच पोचलं. कोणी ओटी भरायला बोलावत नाही, कोणी आपलं लेकरू हिच्या हातात देत नाही.

मग तिनं आवाज खाली केला.

"अप्पा, म्या पथ्य मोडलं न्हाई. बारशाला गेलते, पान वाढलं, तसंच सोडून उठले. तुमाला तर ठावं हाय."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

"मंग एकडाव आमच्या वाडीला या. सासूला सांगा. ती तुमचं ऐकती, दुसऱ्या कुनाचं न्हाई. नांदायला जायचं न्हाई मला आता. निस्तं सांगा तेवढं."

माळेबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. नातवाबद्दल नाही, त्या फडक्याबद्दल नाही. फक्त आपलं नाव साफ करून मागितलं, आणि ते माझ्याएवढं कोणी करू शकत नव्हतं. मी म्हणालो, "येतो."

गेलो नाही.

मंडळींचा डोळा, मग श्रावण, मग गुडघा. कारणं लागतात किती? खरं कारण एकच. पथ्य मोडलं नव्हतं असं म्हणायचं, तर लोकांनी विचारलं असतं, मग माळेनं गुण का आला नाही? त्या प्रश्नाला मी घाबरत होतो. एका बाईचं आयुष्य एका बाजूला आणि आमच्या ओट्याची इज्जत दुसऱ्या बाजूला, आणि मी ओट्यावर बसून राहिलो.

पुढं एका सोमवारी तिची सासू आमच्याकडे आली, कडेला दुसऱ्या सुनेचं तान्हं पोर घेऊन. ते पोरही पिवळं. बसता बसता सहज बोलली, "ती पहिली पोरगी गेली की अप्पा, मागल्या महिन्यात. लिवर बसवायच्या आदीच ताप डोस्क्यात गेला म्हनं. आईनंच खाल्ली तिला."

मी हातातल्या काड्या बाजूला ठेवल्या. मी म्हणालो, "माळ देणार नाही. आत्ताच्या आत्ता ह्या लेकराला अंबाजोगाईला घेऊन जा."

ती घाबरली. "आमच्यावर कावून रागावलात अप्पा? ही सून लई पाळनारी हाय. पथ्य मोडनार न्हाई ही."

तेव्हा तरी बोलायचं होतं. समोर तीच बाई बसली होती, जिला सांगायचं होतं. मी एवढंच ओरडलो, "जा म्हणतो ना!" ती पोराला घेऊन उठली. ते पोर दवाखान्यात गेलं, साधी कावीळ होती, बरं झालं. मी त्या दिवसापासून माळ देणं बंद केलं. का बंद केलं ते मात्र कोणाला सांगितलं नाही. लोक धरून चालले, अप्पांचं वय झालं, सोवळं जमत नसेल.

आता पुतण्या माळ देतो, त्याच ओट्यावर. मोबाइलवर माळेचे फोटो फिरतात, खाली लोक हात जोडलेली चित्रं टाकतात. मध्यंतरी मी फणफणत दुकानात गेलो.

"तान्ह्या लेकरांना माळ घालत जाऊ नको रे. शी पांढरी आहे का, एवढं तरी विचार!"

तो गिऱ्हाइकाची साखर मोजत होता. "अप्पा, तुम्हीच शिकवलं की."

"चुकीचं शिकवलं."

"बसा, चहा सांगतो," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे बघून त्यानं डोळा मारला. "म्हातारपनी कुनालाबी असंच वाटतं."

संताप होतो. या पुतण्याचा होतो, टेबलापलीकडून ऊन दाखवा म्हणणाऱ्या त्या डॉक्टरचा होतो, वाढलेलं पानही न खाता उठलेल्या बाईला लेकराची वैरीण ठरवणाऱ्या त्या सगळ्या वाडीचा होतो. पण फिरून फिरून तो माझ्यावरच येऊन बसतो, कारण त्या सगळ्यांना वाक्य मी पुरवलं होतं. वाचणाऱ्यांच्या घरात तान्हं लेकरू असेल तर हात जोडून सांगतो: कावीळ पंधरा दिवसांनंतरही राहिली, किंवा शी पांढरट, मातकट दिसली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. कोणी चांगली खूण म्हटलं तर त्याच्या तोंडावर नाही म्हणा. मग तो अप्पा असो नाहीतर अप्पाचा बाप.

सासू आता नाही. नवरा कुठल्या कारखान्याच्या पट्ट्यात असतो कोणास ठाऊक. ती अंबाजोगाईलाच राहिली आहे. दवाखान्याजवळच्या एका खानावळीत पेशंटच्या नातेवाइकांसाठी भाकरी थापते. मला कळलं तसा गेल्या उन्हाळ्यात मुद्दाम एसटीनं गेलो. वाटेत सगळं मनात जुळवलं होतं. खानावळीत बसलो. तिनंच ताट आणून ठेवलं. केस पांढरे झालेत. तिनं ओळखलं. "अप्पा, थकलात वो," म्हणाली आणि भाकरीवर चमचाभर तूप सोडलं. लोक जेवत होते, कोणीतरी पाणी मागत होतं. मी म्हणालो, "भाकरी चांगली झालीय." ती हसली आणि चुलीकडे गेली. मी जेवून उठलो आणि परत आलो.

तिथं जे बोलायला गेलो होतो ते असं होतं:

माय, तू पथ्य मोडलं नव्हतंस. मी ते बाजारात बोललो तेव्हाच मला माहीत होतं की खोटं बोलतोय. माझ्या नातवाला माळेनं गुण आला नव्हता, त्याला मी इथं आणलं होतं, आणि तुला मी इथं येऊ दिलं नाही. तू फडकं दाखवलंस, तू विचारलंस, तुझं बरोबर होतं. तुझ्या वाडीला येतो म्हणालो आणि आलो नाही. लेकरू तुझं गेलं, दोष माझा होता, आणि तो मी तुझ्या पदरात टाकला. मला माफ कर.